शोस्ताकोविच यांचे आठवे क्वार्टेट, आणि चार वर्षे खणात राहिलेले चौथे

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

माझ्या वडिलांनी सोव्हिएत पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून मेलोदिया कंपनीची एक तबकडी आणली होती. वेष्टनावरची रशियन अक्षरे घरात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्या तबकडीवर दिमित्री शोस्ताकोविच यांचे आठवे स्ट्रिंग क्वार्टेट आहे हे मला फार उशिरा कळले. तोवर त्यातले सुरुवातीचे चार स्वर मला तोंडपाठ झाले होते. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांची पंधराही क्वार्टेट क्रमाने ऐकली, आणि ज्या रचनेने मला या संगीताकडे आणले तिच्याविषयी माझे मत काहीसे बदलले. ते येथे मांडतो. जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेली रचना. यात कंडक्टर नसतो. चौघे एकमेकांच्या श्वासाकडे आणि गजाकडे लक्ष ठेवून वाजवतात. मुळात हे दिवाणखान्यातले संगीत, म्हणून त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. आपल्या बैठकीशी त्याचे नाते एवढ्यापुरतेच आहे की श्रोते थोडे असतात आणि जवळ बसतात. बाकी येथे प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो.

सोव्हिएत राजवटीत या 'थोडे' आणि 'जवळ' यांना वेगळाच अर्थ आला. २८ जानेवारी १९३६ रोजी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात शोस्ताकोविच यांच्या 'लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेन्स्क' या ऑपेरावर 'संगीताऐवजी गोंधळ' या मथळ्याचा निनावी लेख आला. दोनच दिवसांपूर्वी स्टालिन तो ऑपेरा पाहायला आले होते. त्या वर्षाअखेरीस शोस्ताकोविच यांनी आपली चौथी सिंफनी तालमी सुरू असताना मागे घेतली, आणि ती पुढे डिसेंबर १९६१ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी वाजली. त्यांचे पहिले क्वार्टेट १९३८ मधले आहे. आधी ते सिंफनी, ऑपेरा, बॅले आणि चित्रपटसंगीत लिहीत होते. क्वार्टेट त्यांनी ऑपेरावरच्या आघातानंतर हाती घेतले आणि मरेपर्यंत सोडले नाही. नवा ऑपेरा मात्र त्यांनी पुढे एकही पूर्ण केला नाही. माणूस एका खोलीतून बाहेर काढला गेला आणि शेजारच्या लहान खोलीत जाऊन बसला, असे मला हा क्रम पाहताना वाटते.

आता आठव्या क्वार्टेटविषयी. १९६० च्या जुलैत एका युद्धपटाचे संगीत लिहिण्यासाठी शोस्ताकोविच पूर्व जर्मनीत गेले होते. ड्रेस्डेन हे शहर फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झाले होते. त्याच्या जवळच्या गोरिश या गावी राहून त्यांनी १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत हे क्वार्टेट लिहिले. अर्पणपत्रिकेत 'फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींच्या स्मृतीस' असे शब्द आहेत. परंतु १९ जुलैला मित्र इसाक ग्लिकमन यांना लिहिलेल्या पत्रात ते वेगळेच सांगतात: मी मेल्यावर माझ्या स्मृतीसाठी कोणी रचना लिहील असे वाटत नाही, म्हणून मी स्वतःच ती लिहिली; मुखपृष्ठावर 'या क्वार्टेटच्या रचनाकाराच्या स्मृतीस' असेही छापता येईल. त्याआधी काहीच दिवस त्यांच्यावर कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेण्यासाठी दबाव आला होता आणि ते ग्लिकमन यांच्यासमोर रडले होते, अशी ग्लिकमन यांची आठवण आहे. १९३६ मध्ये नाही, १९४८ च्या निंदेच्या वेळी (तिच्याविषयी पुढे) नाही, आणि स्टालिन जाऊन सात वर्षे झाल्यावर ते वाकले.

त्या चार स्वरांत त्यांचे नाव आहे. जर्मन पद्धतीत स्वरांची नावे डी, एस, सी, हा अशी वाचली की शोस्ताकोविच यांच्या नावाची जर्मन आद्याक्षरे मिळतात. आपल्या भाषेत, सी हा षड्ज धरला तर रे, कोमल ग, सा, आणि मंद्र शुद्ध नी. चेलो ही सही प्रथम उच्चारतो, मग व्हायोला, मग दुसरे व्हायोलिन, मग पहिले. एकेक जण खालून वर येत तेच नाव सांगतो. पुढे पाचही भागांत, न थांबता, त्यांच्या जुन्या रचना एकामागून एक येत राहतात: विद्यार्थिदशेतली पहिली सिंफनी, १९४४ च्या दुसऱ्या पियानो ट्रायोतली (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनेतली) ज्यू धून, पहिला चेलो कन्चेर्टो, आणि त्याच शापित ऑपेरातली सैबेरियाच्या वाटेवर नायिका आपल्या प्रियकराला घालत असलेली हाक. शिवाय 'जड बेड्यांनी छळलेला' अशा अर्थाचे जुने क्रांतिकारी शोकगीतही आहे. ते झारच्या तुरुंगात मेलेल्यांसाठी गायले जात असे, आणि इथे ते कोणाच्या तुरुंगासाठी आहे हे रचनाकार सांगत नाही.

एवढी माहिती मिळाल्यावर श्रोत्याला एक किल्ली मिळाल्यासारखे वाटते, आणि माझी अडचण नेमकी येथे सुरू होते. किल्ली मिळाली की आपण कुलूप शोधू लागतो. चौथ्या भागात तीन जोरदार आघात येतात, तेव्हा कोणी म्हणते ते बॉम्ब आहेत, कोणी म्हणते तो रात्री दारावर पडलेला गुप्त पोलिसांचा हात आहे. मीही वर्षानुवर्षे असेच ऐकले, आणि आठवे क्वार्टेट हा दडपशाहीचा सर्वांत खरा दस्तऐवज आहे असे मानत आलो.

आता मला ते स्थान चौथ्या क्वार्टेटला द्यावेसे वाटते. त्यात सही नाही, उद्धृत केलेली गाणी नाहीत, आणि त्याबद्दल सांगण्यासारखी नाट्यमय कथाही नाही. १० फेब्रुवारी १९४८ रोजी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने संगीतातील 'आकारवादा'विरुद्ध, म्हणजे आशयापेक्षा रूपाला महत्त्व देण्याविरुद्ध, ठराव केला. पक्षाचे सांस्कृतिक धोरण पाहणारे नेते झ्दानोव यांच्या पुढाकाराने झालेल्या या मोहिमेत शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, मिआस्कोव्स्की, शेबालिन आणि पोपोव या संगीतकारांची नावे घेऊन निंदा झाली. शोस्ताकोविच यांच्या मॉस्को आणि लेनिनग्राड येथील अध्यापनाच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्या अनेक रचना वाजवण्यावर बंदी आली. मार्च १९४९ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला पाठवायचे ठरले तेव्हा स्टालिन यांनी स्वतः दूरध्वनी केला, आणि माझ्या रचना माझ्याच देशात वाजत नसताना मी तिकडे काय म्हणून जाऊ, असे शोस्ताकोविच यांनी विचारल्यावर ती बंदी उठवली गेली.

त्याच १९४९ मध्ये त्यांनी दोन रचना लिहिल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे माझे सांगणे आहे. एक 'साँग ऑफ द फॉरेस्ट्स' हे मोठे समूहगीत: स्टालिन यांच्या वनीकरण योजनेचे गुणगान करणारे, नोव्हेंबरमध्ये सादर झालेले आणि पुढच्या वर्षी स्टालिन पारितोषिक मिळालेले. दुसरी रचना म्हणजे डी मेजरमधले हे चौथे क्वार्टेट. ते डिसेंबरमध्ये पूर्ण झाले आणि ३ डिसेंबर १९५३ रोजी, स्टालिन यांच्या मृत्यूला नऊ महिने होत आल्यावर, मॉस्कोत प्रथम जाहीरपणे वाजले. १९५२ मधल्या पाचव्या क्वार्टेटलाही त्याच हिवाळ्यापर्यंत थांबावे लागले.

चौथ्याची सुरुवात उजळ आहे. खाली व्हायोला आणि चेलो एक स्वर धरून ठेवतात, अगदी तंबोऱ्यासारखा, आणि वर दोन व्हायोलिन जणू माळरानावरचे गाणे गात राहतात. तिसऱ्या भागात चारही वाद्यांच्या घोड्यांवर म्यूट लावलेले असतात, त्यामुळे सगळी धावपळ भिंतीपलीकडून येत असल्यासारखी वाटते. मग न थांबता शेवटचा भाग येतो, आणि त्याची धून उघडपणे ज्यू नृत्याच्या वळणाची आहे. १९४९ हे 'मूळ नसलेल्या विश्वनागरिकां'विरुद्धच्या, म्हणजे प्रत्यक्षात ज्यूंविरुद्धच्या, मोहिमेचे वर्ष होते. ज्यू फॅसिझमविरोधी समिती आदल्या नोव्हेंबरमध्ये बरखास्त झाली होती आणि यिडिश लेखक तुरुंगात होते. या धुनेत कोणताही गुप्त संदेश नाही. ती उघडी आहे, आणि म्हणूनच ती वाजवता येत नव्हती. माझा मुद्दा एवढाच आहे की या संगीतातले दडपण स्वरांत दडवलेल्या कोड्यांत शोधण्याऐवजी ते चार वर्षांच्या मौनात शोधावे. आपल्याला काय वाटते?

---

कोमल गंधार

लेख मनापासून आवडला. रे, कोमल ग, सा, शुद्ध नी हे वाचून लगेच पेटी काढली आणि वाजवून पाहिले. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद एकत्र आल्यामुळे माझ्या कानाला प्रथम पटदीप आठवला. आपल्याला तसे वाटते का? तसे असेल तर त्या चार स्वरांतली व्याकुळता आपल्याला इतकी ओळखीची का वाटते, याचे एक उत्तर मिळू शकेल.

---

मंद्रसप्तक

धन्यवाद. मला मात्र ती वाट धोक्याची वाटते. पटदीपच्या आरोहात रिषभ वर्ज्य आहे, त्यामुळे रिषभावरून गंधारावर चढून षड्जाला येणे ही त्याची चाल नव्हे. कीरवाणीत हे चारही स्वर नांदतात, पण रागाचे चलन आणि ही सही यांत मूलभूत फरक आहे: येथे या स्वरांखालचा स्वरसंघात (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह, कॉर्ड) सतत बदलतो आणि त्याच स्वरांचा अर्थ त्याबरोबर बदलतो. व्याकुळतेचे कारण मला अधिक साधे वाटते. हे चार स्वर चढते मांडले तर नी, सा, रे, कोमल ग असे होतात, आणि दोन्ही टोकांना अर्धस्वर येतो. चार अर्धस्वरांच्या एवढ्याशा पट्ट्यात धून वर जाऊन लगेच खाली वळते आणि पुन्हा तेथेच येते. लहान खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसासारखी ती मला भासते. पेटीवर वाजवले असेल तर आता अतिशय सावकाश, प्रत्येक स्वर पुढच्यात मिसळेल असा वाजवून पाहावा. पेटीवर तो मिसळणार नाही, आणि चेलो तेथे काय करतो हे त्यावरूनच कळेल.

---

मधला सूर

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहते आणि एका हौशी क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्ही आठवे क्वार्टेट बसवले तेव्हा पहिल्या भागाच्या तालमीला तीन आठवडे लागले. स्वर अवघड नाहीत. अवघड आहे ते काहीही न करणे. आमच्यापैकी प्रत्येक जण त्या चार स्वरांत काहीतरी 'भाव' घालू पाहत होता आणि प्रत्येक वेळी ते खोटे वाटत होते. शेवटी आम्ही गजावरचा दाब कमी केला, कंपन जवळजवळ काढून टाकले, आणि तेव्हा कोठे ते संगीत आमच्या हातून सुटून स्वतः बोलू लागले.

तीन आघातांविषयी आमच्यातही वाद झाला होता. आमच्या चेलोवादकाचे आजोबा-आजी ड्रेस्डेनच्या बॉम्बवर्षावातून वाचलेले होते आणि त्याला तेथे विमानेच ऐकू येतात. दुसऱ्या व्हायोलिनवर असलेली माझी मैत्रीण लिथुआनियाची आहे. तिच्या घरातले लोक सैबेरियाला पाठवले गेले होते, आणि तिला ते दार वाटते. त्या दोघांनी एकमेकांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही. वाजवताना मात्र तिघांचे आघात एकाच क्षणी पडावे लागतात, आणि ते पडले. आपण किल्लीविषयी जे लिहिले आहे ते मला पटते, तरी वाजवणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगते: अर्थ ठरवल्याशिवायही हे संगीत पूर्ण वाजते, पण अर्थ नाही असे मानून ते वाजत नाही.

गोरिशला मी जाऊन आले आहे. एल्ब नदीच्या परिसरातले, वालुकाश्माच्या कड्यांजवळचे ते एक छोटे, शांत गाव आहे. २०१० पासून तेथे दर वर्षी शोस्ताकोविच यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, आणि मैफली एका मोठ्या शेती-कोठारात होतात. तेथे बसून हे क्वार्टेट ऐकताना माझ्या मनात एकच विचार होता, की इतक्या सुंदर जागी आलेला माणूस तीन दिवस खोलीत बसून स्वतःचे मृत्युलेखन करत होता.

एक मुद्दा धाग्यात यायला हवा, तो म्हणजे वाजवणाऱ्यांचा. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत सर्व क्वार्टेट प्रथम मॉस्कोच्या बेथोव्हेन क्वार्टेट या चार वादकांच्या संचाने वाजवली: त्सिगानोव, वासिली शिरिन्स्की, बोरिसोव्स्की आणि सर्गेई शिरिन्स्की. तीन दशके तीच माणसे, वय झाल्यावर किंवा मृत्यूनंतरच एखादी जागा बदललेली. मोठ्या वाद्यवृंदाला सिंफनी द्यायची म्हणजे शंभर माणसांवर, एका संस्थेवर आणि तिच्यावरच्या अधिकाऱ्यांवर अवलंबून राहायचे. क्वार्टेटला चार विश्वासू माणसे पुरतात. चौथे क्वार्टेट खणात होते असे आपण म्हणता, पण या चौघांपुढे ते खण उघडे होते. अकरावे ते चौदावे ही चार क्वार्टेट त्यांनी या चौघांना एकेक करून अर्पण केली. अकरावे वासिली शिरिन्स्की यांच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये. १९७० चे तेरावे बोरिसोव्स्की यांना, आणि ते सर्वस्वी व्हायोलाचे आहे. एकाच सलग भागाची ती रचना व्हायोलाच्या एकटेपणातून सुरू होते आणि तिच्या अगदी वरच्या, जवळजवळ असह्य स्वरावर संपते. मध्ये वादकांना गजाच्या लाकडाने वाद्याच्या अंगावर ठोके द्यावे लागतात. आपल्या वाद्याला असा ठोका देणे मला पहिल्यांदा जमलेच नाही, हात थांबला. एरवी ज्याला जपायचे त्यावरच आघात करायचा, हे रचनाकाराने आम्हा वादकांच्या हाताला नेमके ठाऊक करून दिले आहे.

---

अभिलेख

धागा उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांच्या मांडणीशी मी दोन बाबतींत असहमत आहे, आणि विषय गंभीर असल्याने ते स्पष्टपणे लिहितो.

पहिली बाब. लहान खोली सुरक्षित होती आणि मोठे सभागृह सत्तेच्या ताब्यात होते, असे चित्र लेखातून उभे राहते. ते पूर्णपणे खरे नाही. १९४० मध्ये बेथोव्हेन क्वार्टेटबरोबर स्वतः पियानोवर बसून शोस्ताकोविच यांनी सादर केलेल्या पियानो क्विंटेटला (पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेट यांच्यासाठीच्या रचनेला) १९४१ मध्ये प्रथम श्रेणीचे स्टालिन पारितोषिक मिळाले, आणि त्याची रक्कम एक लाख रूबल होती. म्हणजे चेंबर म्युझिकही सत्तेच्या नजरेखाली होते, आणि सत्तेला ते आवडूही शकत होते. एकच माणूस, एकच प्रकार, एकदा गौरव आणि आठ वर्षांनी मौन. या राजवटीत नियम कोणता हे कोणालाच ठाऊक नसणे हीच खरी दहशत होती. नियम कडक असता तर माणसाने त्यानुसार वागून जीव वाचवला असता.

दुसरी बाब गुप्त संदेशांची. येथे मी धागाकर्त्यांच्याही पुढे जाईन. १९७९ मध्ये न्यूयॉर्कहून सोलोमन वोल्कोव यांनी 'टेस्टिमनी' हे पुस्तक शोस्ताकोविच यांच्या आठवणी म्हणून प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक रचनेत राजवटीविरुद्धचा छुपा उद्गार शोधण्याची प्रथा पडली. पुढच्याच वर्षी लॉरेल फे या अभ्यासिकेने दाखवून दिले की त्या पुस्तकातील काही भाग शोस्ताकोविच यांच्या आधीच छापल्या गेलेल्या लेखांशी शब्दशः जुळतात. हा वाद आजही मिटलेला नाही. मी वादाच्या कोणत्याच बाजूला जात नाही, परंतु संशयास्पद साक्षीवर रचनेचा अर्थ उभा करू नये एवढे निश्चित. ग्लिकमन यांना लिहिलेली पत्रे मात्र आपल्यासमोर आहेत, आणि त्यांवर थांबावे.

आणि एक प्रश्न. अर्पणपत्रिका खोटी आणि पत्र खरे, असे आपण गृहीत धरले आहे का? मला तसे वाटत नाही. दुसऱ्या पियानो ट्रायोतली ज्यू धून आठव्यात येते, आणि तो ट्रायो १९४४ मधला, म्हणजे मैदानेक येथील छळछावणीच्या बातम्या पोहोचल्या त्याच उन्हाळ्यात पूर्ण झालेला आहे. फॅसिझमचे बळी त्या क्वार्टेटमध्ये खरोखरच आहेत.

---

मंद्रसप्तक

अभिलेख यांचे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. क्विंटेटच्या पारितोषिकाचा उल्लेख मी गाळला, कारण तो माझ्या मांडणीत बसत नव्हता, आणि हे चूकच झाले. अर्पणपत्रिकेविषयी: ती खोटी आहे असे मी म्हणू इच्छित नव्हतो, परंतु लिहिताना तसा सूर लागला हे आता वाचताना जाणवते. त्या जागी असे म्हणतो, की त्या माणसाला स्वतःसाठी रडण्याची परवानगी सार्वजनिक शब्दांत नव्हती, आणि युद्धातील मृतांसाठी रडण्याची होती. त्याने दोघांसाठी एकाच वेळी रडून घेतले. त्यातला एक शोक खरा आणि दुसरा आडोसा असे वेगळे करता येत नाही, आणि करूही नये.

दुसरा पियानो ट्रायो या विषयात फार महत्त्वाचा आहे. तो इवान सोलर्टिन्स्की यांच्या स्मृतीसाठी आहे. संगीत, नाट्य आणि अनेक भाषा यांत सारखाच गढलेला हा शोस्ताकोविच यांचा सर्वांत जवळचा मित्र फेब्रुवारी १९४४ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे अवघ्या ४१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. ट्रायोच्या आरंभी चेलो इतक्या उंच, तारेला केवळ स्पर्श करून काढलेल्या स्वरांत गातो की व्हायोलिन त्याच्या खालून प्रवेश करते. वाद्यांची नेहमीची जागाच उलटलेली आहे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर सगळे चुकीच्या जागी बसलेले असतात, तसे मला ते वाटते. तिसऱ्या भागात पियानो आठ जड स्वरसंघात वाजवतो, आणि तेच आठ पुन्हा पुन्हा, न बदलता, येत राहतात. वरची दोन वाद्ये त्यांवर शोक करतात.

मधला सूर ताई, "खण उघडे होते" हे आपले वाक्य मला दुरुस्ती म्हणून स्वीकारावेच लागेल. मी मौन म्हटले, पण ते मौन सभागृहापुरते होते.

---

पूर्वरंग

या धाग्यावर मिएचिस्वाव वाइनबर्ग यांचे नाव अजून आलेले नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९१९ मध्ये वॉर्सात जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३९ मध्ये जर्मन आक्रमणापुढे पायी पूर्वेकडे निघाला. मागे राहिलेले आईवडील आणि बहीण नाझींच्या हातून मारले गेले. मिन्स्क, मग ताश्कंद, आणि शोस्ताकोविच यांच्या आमंत्रणावरून १९४३ पासून मॉस्को, असा त्यांचा प्रवास झाला. ताश्कंदमध्ये त्यांचे लग्न विख्यात यिडिश नट सॉलोमन मिखोएल्स यांच्या मुलीशी झाले. जानेवारी १९४८ मध्ये मिखोएल्स यांची मिन्स्क येथे स्टालिन यांच्या आदेशाने हत्या झाली आणि ती अपघात म्हणून दाखवण्यात आली. त्यानंतर जावयावर पाळत सुरू झाली, आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये 'ज्यू बुर्ज्वा राष्ट्रवादा'च्या आरोपाखाली वाइनबर्ग यांना अटक झाली.

यानंतर शोस्ताकोविच यांनी जे केले ते कोणत्याही क्वार्टेटइतकेच महत्त्वाचे मला वाटते. ज्या माणसाची स्वतःची नोकरी गेलेली, ज्याचे स्वतःचे संगीत खणात पडून होते, त्याने सुरक्षा यंत्रणेचे प्रमुख बेरिया यांना वाइनबर्ग यांच्या बाजूने पत्र लिहिले. वाइनबर्ग यांच्या पत्नीलाही अटक होईल अशी भीती होती, म्हणून शोस्ताकोविच आणि त्यांच्या पत्नी निना यांनी त्यांच्या लहान मुलीचा सांभाळ करता यावा यासाठी मुखत्यारपत्राची तजवीज केली. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर एप्रिलमध्ये वाइनबर्ग सुटले. दोन्ही कुटुंबे एकत्र जेवायला बसली तेव्हा ते मुखत्यारपत्र जाळून टाकण्यात आले, असे वाइनबर्ग यांच्या पत्नीने सांगितले आहे.

वाइनबर्ग यांनी एकूण १७ क्वार्टेट लिहिली. १९६४ मध्ये शोस्ताकोविच यांनी आपले दहावे क्वार्टेट त्यांना अर्पण केले, आणि ग्लिकमन यांना कळवले की वाइनबर्ग यांची नऊ झाली होती व आपली आठच, म्हणून त्यांना गाठून मागे टाकण्याचे ठरवले. दोन मित्रांमधली ही चढाओढ वाचून मला फार बरे वाटते. १९६८ मध्ये पूर्ण झालेला ऑश्विट्झविषयीचा त्यांचा 'द पॅसेंजर' हा ऑपेरा रंगमंचावर यायला मात्र २०१० साल उजाडले. तोपर्यंत वाइनबर्ग यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी १९४४ च्या पियानो क्विंटेटपासून सुरुवात करावी.

---

कोमल गंधार

पूर्वरंग यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री तो क्विंटेट ऐकला, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. चौथा भाग संपेपर्यंत खोलीतला दिवा लावायचेही सुचले नाही. आभार.

---

अभिलेख

प्रोकोफिएव्ह यांच्या पहिल्या व्हायोलिन सोनाटाचा उल्लेख करून माझ्यापुरता हा विषय पूर्ण करतो. एफ मायनरमधली ही रचना १९३८ मध्ये, अटकसत्राच्या ऐन भरात सुरू झाली आणि १९४६ मध्ये पुरी झाली. पहिल्या भागाच्या अखेरीस व्हायोलिनवर जे वेगवान, अगदी हलके चढउतार येतात त्यांना प्रोकोफिएव्ह यांनी वादक ओइस्त्राख यांच्याजवळ स्मशानातल्या वाऱ्याची उपमा दिली होती. फेब्रुवारी १९४८ च्या ठरावानंतर काही दिवसांतच त्यांच्यापासून विभक्त झालेल्या पत्नी लिना यांना अटक झाली आणि त्यांनी आठ वर्षे छावण्यांमध्ये काढली. ५ मार्च १९५३ रोजी प्रोकोफिएव्ह वारले. त्याच दिवशी स्टालिनही गेले, आणि संगीतकाराच्या शवपेटीसाठी शहरात फुले मिळेनात. त्या अंत्यविधीत ओइस्त्राख यांनी याच सोनाटाचे दोन भाग वाजवले.

---

नवा वाचक

मी पाश्चात्त्य संगीत जवळजवळ ऐकलेले नाही. या धाग्यातल्या इतक्या रचनांमधून कोणत्या क्रमाने ऐकावे? सिंफनी ऐकण्याचा एकदा प्रयत्न केला होता, परंतु इतक्या वाद्यांत कोणाचा माग धरावा हे कळले नाही.

---

मधला सूर

माझ्या मते तुमच्यासाठी क्वार्टेटच योग्य आहे, कारण चारच आवाज आहेत आणि एकाचा माग धरता येतो. आठव्यापासून सुरू करा. सगळे वीस-बावीस मिनिटांचे आहे. पहिल्या वेळी फक्त चेलोकडे लक्ष ठेवा. चौथ्या भागात तो अचानक आपली नेहमीची खोल जागा सोडून अगदी वर जाऊन गातो, आणि तीच त्या ऑपेरातली हाक. दुसऱ्या वेळी व्हायोलाकडे लक्ष द्या, हा माझा थोडा स्वार्थी आग्रह समजा.

---

मंद्रसप्तक

त्यानंतर चौथे ऐकावे, आणि शक्य असल्यास 'साँग ऑफ द फॉरेस्ट्स'चा एखादा भाग आधी ऐकून मग ऐकावे. १९४९ च्या मॉस्कोत जे वाजत होते ते आणि जे वाजत नव्हते ते, असे दोन्ही आपल्या कानावर एकापाठोपाठ पडतील. चौथ्याच्या शेवटच्या भागाकडे जाताना एके ठिकाणी व्हायोला एकटी बोलते आणि बाकीची वाद्ये तारा छेडून तिला साथ देतात. तेथून पुढे ती ज्यू धून उसळते, सगळे आवाज चढत जातात, आणि मग ती ओसरत ओसरत सुरुवातीच्या त्या धरलेल्या स्वराकडे परत येते. तो स्वर पूर्ण विरेपर्यंत यंत्र बंद करू नये.